तपासणीचे पैसे नेमके कशाचे?

घरातल्या आणि व्यवसायाच्या जागेतल्या विजेच्या तपासणीबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकच आहे: एवढे पैसे कशासाठी? उत्तरांत दर दिलेले नाहीत, कारण दर जागेगणिक बदलतात. तपासणीला लागणारे तास आणि मीटरवर घ्यायच्या नोंदी मात्र सगळीकडे जवळपास सारख्याच असतात आणि त्या कळल्या की कोणतेही कोटेशन पारखता येते. सर्व आकडे २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आहेत.

प्रश्न: तीन खोल्यांच्या घराच्या तपासणीसाठी तिघांकडून दर मागवले. सर्वांत महागडा दर सर्वांत स्वस्त दराच्या चौपट निघाला. घर तेच, वायरिंग तेच. मग एवढा फरक का?

उत्तर: घर तेच असले तरी तिघे एकच काम करणार आहेत असे नाही. सर्वांत स्वस्त दर देणारा बहुधा डीबीचे (सर्किटांना वीज वाटणाऱ्या पेटीचे) झाकण उघडून आत नजर टाकेल, दोन-चार सॉकेटमध्ये टेस्टर घालील आणि अर्ध्या तासात ‘सगळे ठीक’ म्हणेल. सर्वांत महागडा दर देणारा प्रत्येक सर्किटची मोजणी करून आकडे लिहून देणार असेल. दोन्हींना ‘तपासणी’ म्हणतात, गोंधळ तिथेच होतो.

पूर्ण तपासणीचा हिशोब खोल्यांवर किंवा चौरस फुटांवर होत नाही, सर्किटांवर होतो. डीबीमधले एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारे स्विच) मोजा. दहा असतील तर दहा सर्किटे. प्रत्येक सर्किटचा पुरवठा बंद करून आधी अर्थच्या तारेची सलगता पाहायची, मग मेगर (मोठे व्होल्टेज लावून रोध मोजणारे मीटर) मारून इन्सुलेशन मोजायचे, नंतर पुरवठा सुरू करून पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का) आणि फेज ते अर्थ या वाटेचा लूप इम्पीडन्स, म्हणजे त्या पूर्ण वाटेचा एकूण रोध, घ्यायचा. सराईत माणसाला यासाठी सर्किटमागे १५ ते २० मिनिटे लागतात. म्हणजे दहा सर्किटांना अडीच तास ते तीन तास वीस मिनिटे. त्याआधी डोळ्यांनी पाहण्याचे काम असते: झाकणे उघडून जळके इन्सुलेशन, ढिले स्क्रू, एका टर्मिनलमध्ये कोंबलेल्या तीन-तीन तारा शोधणे. त्यात एक तास जातो. आकडे तक्त्यात भरून अहवाल तयार करायला आणखी एक तास. साधारण पाच तासांच्या कामाचा दर अर्ध्या तासाच्या कामाइतका असूच शकत नाही.

दर ठरवण्याआधी तिघांनाही हेच विचारा: किती सर्किटे तपासणार? कोणत्या चाचण्या? प्रत्येक सर्किटचा आकडा लिहून मिळेल का? मीटरचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले? बिघाड आढळला तर तो शोधायचे पैसे यात धरले आहेत की वेगळे? दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणीला यायचे किती? शेवटचे दोन प्रश्न लोक विसरतात आणि बिल फुगते ते तिथेच.

प्रश्न: वायरमनने तीन दिव्यांचा प्लग प्रत्येक सॉकेटमध्ये घालून पाहिला. दिवे बरोबर लागले. एवढे पुरे नाही का?

उत्तर: नाही. तो प्लग फेज-न्यूट्रल उलटे लागले असतील किंवा अर्थ अजिबात नसेल तर दाखवतो. न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल झाली असेल तर त्याला कळत नाही. दोन्हींचा विभव (व्होल्टेज) जवळपास सारखाच असतो. त्याहून मोठी उणीव अशी की अर्थ आहे की नाही एवढेच तो सांगतो, किती चांगला आहे हे नाही. अर्थच्या तारेचा केसाएवढा एकच धागा शिल्लक असला तरी त्याचा दिवा लागतो, कारण दिव्याला काही मिलिअँपिअर पुरतात. दोष उद्भवल्यावर त्याच तारेतून शंभराहून अधिक अँपिअर जावे लागतात.

म्हणून सलगतेची चाचणी किमान २०० मिलिअँपिअर सोडणाऱ्या मीटरने करतात. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ७.४ मिलिओहम असतो. म्हणजे २० मीटर तारेला ०.१५ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. तिथे १.५ ओहम आला तर तार पोहोचली आहे, पण वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे.

प्रश्न: तपासनीस म्हणाला की पूर्ण घराचे मेगर रीडिंग ०.८ मेगओहम आहे, नवे वायरिंग करावे लागेल. हा खर्च टाळता येईल का? आणि मेगर मारल्याने टीव्ही, संगणक जळत नाहीत ना?

उत्तर: आधी दुसरा भाग. चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर होते. त्यामुळे नाजूक उपकरणे प्लगमधून काढून ठेवायची आणि डीबीत सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेले व्होल्टेज अडवणारे उपकरण) असेल तर तोही तारांपासून सुटा करायचा. जी जोडणी सोडवता येत नाही, उदाहरणार्थ छताआड बसवलेले एलईडी ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारे डबे), तिथे फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून दोन्ही मिळून अर्थकडे मोजतात; ड्रायव्हरच्या दोन टोकांत मग व्होल्टेज येतच नाही. हे न करता सरळ मेगर फिरवणाऱ्याकडून चाचणी करून घेऊ नका.

आता ०.८. किमान स्वीकार्य आकडा १ मेगओहम आहे, पण तो सर्किटचा आहे. संपूर्ण घर एकदम मोजले की सगळ्या सर्किटांचे रोध समांतर येतात. दहा सर्किटे प्रत्येकी १० मेगओहमची असली तरी एकत्र रीडिंग बरोबर १ येते. म्हणून घरभराच्या एका आकड्यावरून वायरिंग बाद ठरवणे चूक आहे. सर्व एमसीबी बंद करा, न्यूट्रल बारवरच्या तारा सुट्या करा आणि एकेक सर्किट वेगळे मोजून घ्या. बहुतेक वेळा नऊ सर्किटे ५० मेगओहमच्या वर निघतात आणि एकच घसरलेले असते.

त्या एका सर्किटवर गीझर किंवा ओव्हन असेल तर तो सोडवून परत मोजा. तापणाऱ्या एलिमेंटमधली पांढरी भुकटी हवेतला दमटपणा ओढते. उपकरण बरेच दिवस बंद राहिले की रीडिंग खाली येते आणि काही तास तापवल्यावर पुन्हा वर जाते. गीझर निर्दोष निघाला तर बाहेरच्या भिंतीवरचा दिवा, गच्चीवरचा जोड, ओल आलेल्या भिंतीतला बॉक्स या क्रमाने पाहा. बहुधा एका तुकड्याची तार बदलून काम भागते. असे शोधणे तासाच्या हिशोबाने आकारले जाते, तेव्हा ‘दोन तासांपर्यंत शोधा, मग विचारा’ अशी मर्यादा आधीच घालून द्यावी.

प्रश्न: आमच्या आरसीसीबीचे (अर्थकडे गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबले की तो पडतो. अर्थिंगचा खड्डा ५ ओहम दाखवतो. मग आणखी कशाची तपासणी आणि कशाचे पैसे?

उत्तर: दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या दोघींमधून जे सिद्ध झाल्यासारखे वाटते ते झालेले नाही.

बटण दाबल्यावर आतल्या रोधातून थोडा प्रवाह सोडला जातो आणि यंत्रणा सुटते. त्यावरून यंत्रणा हलते एवढे कळते. किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडली ते कळत नाही. बटणाचा प्रवाह अर्थच्या तारेतून जातही नाही, त्यामुळे घरात अर्थिंग नसले तरी बटण चालते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मीटरने तपासताना १५ ला तो पडता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे आणि पाचपट म्हणजे १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत. आणखी एक बारकावा: ही मोजणी बटण दाबण्याआधी करावी. महिनोन्‌महिने न हललेला आतला खटका किंचित अडकलेला असतो. बटणाने तो आधी मोकळा केला की नंतरचे रीडिंग फसवे छान येते. तपासनीस घरात शिरताच बटण दाबून दाखवू लागला तर त्याला थांबवा.

आता ५ ओहम. पुरवठ्याबरोबर अर्थची तार येत नसेल आणि सगळी भिस्त तुमच्या खड्ड्यावरच असेल असे धरू. पुरवठ्याच्या टोकाकडचे अर्थिंगही ५ ओहमचे माना. गीझरची फेज त्याच्या धातूच्या अंगाला टेकली तर वाटेत १० ओहम आहेत, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडण्याची खात्री दहापट प्रवाहाला, म्हणजे १६० अँपिअरला असते. २३ अँपिअरला तो तासभरही पडणार नाही, कदाचित. तोवर गीझरच्या अंगावर २३ गुणिले ५, म्हणजे ११५ व्होल्ट! खड्डा उत्तम, एमसीबी उत्तम आणि गीझरला हात लावणारा माणूस धोक्यात. तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर खड्डा १०० ओहमचा असूनही क्षणात पुरवठा तुटतो. खड्ड्यात मीठ-कोळसा ओतण्यावर पैसे खर्च करण्याआधी हा हिशोब करावा.

अर्थची तार पुरवठ्याबरोबर येत असेल तेव्हा लूप इम्पीडन्स महत्त्वाचा. २३० ला १६० ने भागले तर १.४४ ओहम येतात. पण तारा तापल्यावर रोध वाढतो, म्हणून थंड तारेवर मोजलेला आकडा याच्या दोन तृतीयांशांपेक्षा, म्हणजे ०.९६ पेक्षा, कमी हवा. ३२ अँपिअरच्या सी प्रकाराला तोच हिशोब ०.४८ वर येतो. घराच्या दूरच्या टोकाचे सॉकेट नेमके इथेच नापास होते, आणि तिथे बी प्रकारचा, म्हणजे पाचपट प्रवाहालाच झटक्यात पडणारा, एमसीबी बसवला तर मर्यादा दुप्पट होऊन बहुतेक वेळा तार न बदलता प्रश्न सुटतो.

प्रश्न: नवा आरसीसीबी बसवल्यापासून तो सारखा पडतो. तपासनीस आता ‘न्यूट्रल वेगळे करायचे’ म्हणून जादा पैसे मागतो. खरे आहे का?

उत्तर: बहुधा खरे आहे. जुन्या वायरिंगमध्ये एका सर्किटच्या दिव्याने दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलेला असतो. जिन्यातला दोन ठिकाणांहून चालणारा दिवा हा नेहमीचा गुन्हेगार. आरसीसीबीतून गेलेली फेज आणि परत येणारा न्यूट्रल यांचा प्रवाह सारखा असावा लागतो. परतीची वाट दुसरीकडून गेली तर त्याला ती गळतीच वाटते. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल कुठे जोडला आहे हेही पाहायला सांगा, तिथेही हीच चूक होते.

मात्र काम करून घेण्याआधी एक चाचणी मागा: सगळा भार चालू ठेवून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या जबड्यात धरायचे. काही अँपिअर दाखवले तर उसना न्यूट्रल. काही मिलिअँपिअर दाखवले तर खरी गळती, आणि मग उपकरणे एकेक काढून दोषी शोधायचे. दहा मिनिटांचे काम आहे. आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे, कोणी सुचवला तर त्याला परत बोलावू नका.

प्रश्न: आमचे दोन मजली कार्यालय आहे, सहा डीबी, सुमारे नव्वद सर्किटे. तपासणी रात्री करावी लागेल म्हणून दर खूप वाढवून सांगितला आहे. खर्च कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग कोणता?

उत्तर: आहे, आणि त्यातला मोठा भाग तुमच्याच हातात आहे.

सर्व चाचण्यांना वीज बंद लागत नाही. लूप इम्पीडन्स, भाराचे प्रवाह, थर्मल (उष्णता दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याने घेतलेले फोटो, डोळ्यांनी पाहणी ही कामे दिवसा, कार्यालय चालू असताना होतात. उलट थर्मल कॅमेऱ्याला भार हवाच असतो. सलगता आणि मेगर यांनाच बंद लागतो. आरसीसीबीच्या चाचणीत पुरवठा क्षणभर तुटतो, म्हणून तीही सुट्टीच्या वेळेत ठेवा. काम असे दोन फेऱ्यांत विभागले की रात्रीचे महागडे तास निम्म्याच्याही खाली येतात. बंद घेताना एकेक डीबी घेतली तर बाकीचे कार्यालय चालू राहते.

दुसरा मार्ग नमुना-तपासणीचा. मागचा आकड्यांसह अहवाल हातात असेल आणि मधल्या काळात मोठे फेरफार झाले नसतील, तर डीबीतून थेट दिवे-सॉकेटांकडे जाणाऱ्या सर्किटांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तपासून चालवता येते. अट अशी की नमुन्यात एकही धोकादायक दोष निघाला तर त्या डीबीची सर्व सर्किटे तपासायची, आणि हे करारात लिहायचे. मेन पॅनल, मजल्यांकडे जाणाऱ्या केबली, आग आणि आपत्कालीन दिव्यांची सर्किटे यांना नमुना चालत नाही, ती शंभर टक्के. आपत्कालीन दिवे त्यांच्या पूर्ण मुदतीपर्यंत बॅटरीवर चालवून पाहावे लागतात आणि पुन्हा भरायला २४ तास लागू शकतात. ही चाचणी सलग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ठेवावी.

तिसरे, तपासनिसाचे तास कशात जातात ते पाहा. डीबीवर नावे नसतील तर कोणता एमसीबी कुठला हे शोधण्यातच नव्वद सर्किटांना जवळपास एक दिवस जातो. हे काम तुमचा देखभालीचा माणूस आधी करू शकतो. पॅनलसमोरचे कपाट आणि खोकी हटवा, कुलपांच्या किल्ल्या एकत्र ठेवा, सिंगल लाइन डायग्राम (वायरिंगचा एकरेषी नकाशा) शोधून ठेवा, संगणक विभागाला बंदची वेळ लेखी कळवा. तपासनीस किल्लीची वाट पाहत बसला तरी त्याचे मीटर चालूच असते.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका. मेन पॅनलवर न्यूट्रलचा प्रवाह ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरींचाही खरा आकडा देणाऱ्या) क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. संगणक आणि एलईडी यांच्या वीजपुरवठ्यामुळे तिसऱ्या हार्मोनिकचे (मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेचे) प्रवाह तयार होतात आणि ते न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढण्याऐवजी बेरजेने साठतात. तिन्ही फेज समतोल असूनही न्यूट्रल फेजइतका किंवा अधिक तापलेला सापडतो. साधा क्लॅम्प इथे कमी आकडा दाखवून दिशाभूल करतो.

प्रश्न: थर्मल कॅमेऱ्याची तपासणी पूर्ण तपासणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. तेवढीच करून घेतली तर?

उत्तर: आगीच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे, शॉकच्या दृष्टीने शून्य. ढिल्या जोडाचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १५ अँपिअर असेल तर त्या एका स्क्रूवर २२.५ वॅट उष्णता तयार होते. एमसीबीला फक्त १५ अँपिअर दिसतात, तो स्वस्थ बसतो. कॅमेऱ्याला मात्र जोड लगेच दिसतो. पण तुटलेली अर्थची तार गरम होत नाही आणि मंद झालेला आरसीसीबीही नाही. भार किमान ४० टक्के असताना, झाकणे उघडून फोटो घेतलेले नसतील तर फोटोंना अर्थ नाही. भार निम्मा असेल तर तापमानातली वाढ सुमारे चौथाईच दिसते. फोटोखाली त्या वेळचे अँपिअर लिहिलेले असावेत.

प्रश्न: एक कंत्राटदार तपासणी फुकट करून देतो म्हणतो, अट एवढीच की दुरुस्ती त्याच्याकडून करायची.

उत्तर: मग तपासणीचे पैसे दुरुस्तीच्या बिलात येतील आणि दुरुस्त्या किती निघतील हे त्याच्या हातात राहील. तपासणी आणि दुरुस्ती वेगळ्यांकडून करून घेणे बरे. एकाकडूनच करायची असेल तर आधी आकड्यांसह अहवाल घ्या, त्याची प्रत दुसऱ्याला दाखवा आणि मगच काम द्या.

प्रश्न: तपासणी किती वर्षांनी करावी?

उत्तर: राहत्या घराला दहा वर्षांचे अंतर चालते. घराचा रहिवासी बदलला की, मग तो विकत घेणारा असो की भाडेकरू, एकदा करावी. जिथे लोकांची वर्दळ असते, ओल, धूळ किंवा ज्वलनशील माल असतो तिथे अंतर बरेच कमी. तात्पुरत्या वायरिंगला, उदाहरणार्थ बांधकामाच्या जागेवर, महिन्यांत मोजायचे. स्थानिक नियमात याहून कमी मुदत असेल तर तीच पाळावी लागेल. विमा कंपनीची अटही वाचून पाहा.

प्रश्न: अहवालात एकवीस दोष आले आहेत. सगळे एकदम करण्याइतके पैसे नाहीत. कुठून सुरुवात करावी?

उत्तर: चांगल्या अहवालात दोषांची वर्गवारी असते: आत्ता धोका आहे, दोष उद्भवला तर धोका होईल आणि केवळ सुधारणा सुचवली आहे. वर्गवारी नसेल तर मागून घ्या. उघडी फेज, जिवंत झालेले धातूचे अंग, जळालेला जोड यांसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

नंतरच्या वर्गात एक दिलासा आहे. गंभीर दोष महागच असतात असे नाही. १.५ चौरस मिमीच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी हा आगीला आमंत्रण देणारा दोष आहे. तो योग्य क्षमतेचा एमसीबी बसवला की मिटतो. पूर्वी एमसीबी वारंवार पडत होता म्हणून कोणीतरी मोठा घातलेला असतो, तेव्हा भार दुसऱ्या सर्किटवर वाटणेही आले. स्क्रू योग्य जोराने आवळणे, तुटलेली सॉकेटे बदलणे, आरसीसीबी बसवणे ही एका दिवसाची कामे. ‘पूर्ण वायरिंग बदलावे’ या ओळीसमोर त्या-त्या सर्किटचा मेगओहमचा आकडा नसेल तर ती ओळ तूर्त बाजूला ठेवा.

दुरुस्ती झालेल्या सर्किटांचीच पुन्हा मोजणी करून घ्या, सगळ्यांची नको.

प्रश्न: जुने अहवाल किती काळ सांभाळायचे?

उत्तर: वायरिंग आहे तोवर. एका सर्किटचे इन्सुलेशन या वेळी २० मेगओहम आले तर ते उत्तम प्रकारे पास आहे. पण मागच्या अहवालात तेच २०० होते हे दिसले, तर त्या सर्किटचे बाहेरचे बॉक्स या पावसाळ्याआधीच उघडून पाहायला हवेत.